गेरलोगची मिळकत

स्टॉकहोमच्या पश्चिमेस पसरलेल्या मेलारेन सरोवरात फेरिंग्सो नावाचे एक बेट आहे. त्या बेटावर हिलर्शो येथे, एका उघड्या खडकावर, सर्पाच्या वळशावळशांच्या अंगात बसवलेला अकराव्या शतकातील एक लेख आहे. व्हायकिंग युगाविषयी आजवर जे काही वाचनात आले त्यात या एका लेखाइतके माझ्या मनात काहीही घर करून राहिलेले नाही. व्हायकिंग म्हटले की शिंगांची शिरस्त्राणे घातलेले, जळत्या मठातून बाहेर पडणारे दर्यावर्दी डोळ्यांपुढे येतात. परंतु ती शिंगे मुळात त्यांची नव्हेतच. १८७६ साली वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी कार्ल एमिल डोप्लर या वेशकाराने ती नटांच्या मस्तकी चढवली आणि पुढे ती साऱ्या जगाने खरी मानली.

देवकथांची गोष्ट याहून नाजूक आहे. ओडिन, थॉर, लोकी, जगाच्या मध्यभागी उभा असलेला इग्द्रासिल वृक्ष आणि देवांचाही अंत करणारा तो शेवटचा संग्राम, यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहिला गेला, आणि आइसलंडने तर इ. स. १००० च्या सुमारासच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे ज्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या आसपास आपली गद्य एड्डा रचली, तो ज्या देवांचे चरित्र सांगत होता त्यांची पूजा त्याच्या घरात कित्येक पिढ्या झालेली नव्हती. जुन्या कवींची गूढ रूपके नव्या कवींना उमगेनाशी होऊ नयेत, एवढ्या विद्याप्रेमापोटी त्याने हा उद्योग केला. देवकाव्यांचे मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, हेही १२७० च्या सुमारासचे. ते १६६२ साली डेन्मार्कच्या राजाला नजर करण्यात आले आणि १९७१ साली आइसलंडला परत मिळाले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. तरीही परधर्मात गेलेल्या नातवाने सांगितलेली पणजोबांची श्रद्धा आणि पणजोबांचा स्वतःचा शब्द यांत अंतर राहणारच, आणि तो स्वतःचा शब्द ऐकावयाचा तर चर्मपत्र बाजूस ठेवून दगडाकडे वळावे लागते.

दगडावरची ती लिपी म्हणजे रून. कथा अशी, की भाल्याने विद्ध होऊन ओडिन नऊ रात्री वृक्षाला लटकत राहिला, त्याने स्वतःचाच स्वतःला बळी दिला, आणि तेव्हा कुठे त्याला ही अक्षरे प्राप्त झाली. रून या शब्दाचा अर्थच मुळी गुह्य, रहस्य. अक्षरांचे रूप मात्र सुताराच्या हाताला ओळखीचे वाटावे असे आहे: उभ्या आणि तिरक्या रेघा तेवढ्या, आडवी रेघ जवळजवळ नाही, कारण लाकडाच्या शिरांना समांतर मारलेली रेघ त्या शिरांतच हरवून जाते. वर्णमालेतील पहिल्या अक्षराचे नाव ‘फे’, म्हणजे गुरेढोरे आणि म्हणून धन. हा शब्द आणि आपला ‘पशु’ हे एकाच आदिम धातूचे वंशज. आरंभी ही अक्षरे चोवीस होती. आठव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे व्हायकिंग युग उंबरठ्यावर आले असताना, ती वाढण्याऐवजी सोळांवर आली, आणि क व ग, त व द यांना एकाच चिन्हात नांदावे लागले. लिहिणाऱ्याचे श्रम त्यामुळे वाचले खरे, पण वाचणाऱ्याचे वाढले. प्रत्येक शब्द त्याला ताडून पाहावा लागे.

हिलर्शोच्या लेखाचा पहिलाच शब्द एक आज्ञा आहे: उकल कर! पुढे जे येते त्यात ना देव आहे ना लूट. गेरमुंडने गेरलोगशी ती कुमारिका असताना लग्न केले. त्यांना पुत्र झाला. मग गेरमुंड बुडून मेला आणि त्यानंतर तो पुत्रही गेला. तिने गुद्रिकशी दुसरे लग्न केले. मुले झाली, त्यांतली इंगा नावाची एकच मुलगी जगली. ती स्नोट्स्टाच्या राग्नफास्तला दिली. मग राग्नफास्त वारला, त्यानंतर त्याचा मुलगा, आणि मुलाचा वारसा आईकडे, इंगाकडे आला. इंगाने एरिकशी लग्न केले आणि ती मरण पावली. तेव्हा गेरलोग आपल्या मुलीची वारस झाली. शेवटी कोरणाऱ्याची सही: कवी थॉरब्यॉर्न.

प्रथमदर्शनी हा शोकलेख वाटतो, पण जरा थांबून पाहिले तर तो एक पक्का दस्तऐवज आहे. पतीची मिळकत पत्नीकडे थेट जात नसे, ती मुलाकडे जाई. परंतु बापामागून मूलही निवर्तले, तर त्या मुलाची वारस आई. म्हणून मयत कोण कोण झाले एवढे सांगून भागत नाही, कोण कोणाच्या आधी गेले हे सांगावे लागते. राग्नफास्तचा मुलगा बापाच्या आधी गेला असता तर ती जमीन इंगाच्या हाती आलीच नसती, मग गेरलोगच्या हाती कोठून येणार? साऱ्या हक्काचा भार ‘मग’ आणि ‘त्यानंतर’ या दोन लहानशा अव्ययांवर पडला आहे, आणि थॉरब्यॉर्नने ती एकामागून एक, न चुकता, खडकात खोल कोरली आहेत. आपल्याकडे जुन्या महजरात पिढ्यांचा क्रम ज्या काटेकोरपणे मांडलेला असे, तोच काटेकोरपणा येथे आहे; फरक इतकाच की येथे क्रमाची प्रत्येक पायरी म्हणजे त्या बाईच्या घरातून निघालेले एक प्रेत आहे. दोन नवरे, मुलगा, दुसऱ्या संसारातली मुले, जावई, नातू, आणि अखेर इंगा. शोकाचा एकही शब्द न लिहिता इतका शोक सांगणारे लेखन मी फार थोडे वाचले आहे.

असे लेख सुटेसुटे नाहीत. एकट्या स्वीडनमध्ये अडीच हजारांहून अधिक रूनशिला आहेत, बहुतेक दहाव्या शतकाच्या अखेरीच्या व अकराव्या शतकातील, आणि त्यांचा साचा ठरलेला: अमक्याने हा दगड तमक्याच्या स्मरणार्थ उभारला. उभारणाऱ्याचे नाव आधी येते, आणि ते पुष्कळदा वारसाचेच नाव असते. डेन्मार्कच्या फ्यून बेटावरील ग्लावेन्ड्रुपची शिला राग्नहिल्ड नावाच्या स्त्रीने पती अल्लीसाठी उभारली. त्या देशातला हा सर्वांत दीर्घ रूनलेख, त्यात थॉरने ही अक्षरे पावन करावीत अशी प्रार्थना आहे आणि दगड हलवणाऱ्याला शाप. येलिंगचा हाराल्ड ब्लूटूथ राजा होता, म्हणून त्याच्या ९६५ च्या सुमाराच्या शिलेवर मातापित्यांच्या स्मरणासोबत सगळा डेन्मार्क व नॉर्वे जिंकल्याची आणि डेन लोकांना ख्रिस्ती केल्याची ग्वाही येते. भाषा सनदेची आहे, पण सांगाडा तोच. २०११ साली कोणी तिच्यावर रंग फवारला, आणि आता ती काचेच्या आवरणात असते. आज भ्रमणध्वनीवर दिसणारी ब्लूटूथची खूण याच राजाच्या नावातील दोन आद्याक्षरांची, रून अक्षरांची, जोडणी आहे.

या अक्षरांवर खरा अत्याचार झाला तो विसाव्या शतकात. नाझींच्या एस. एस. दलाने एक रून दुहेरी करून आपल्या गणवेशावर लावला आणि वंशशुद्धीच्या उन्मादासाठी ही सारी परंपरा राबवली. मला याचा संताप येतो, कारण ज्या अक्षरांनी एका वृद्ध स्त्रीचा हक्क राखला त्यांना माणसांचे हक्क हिरावून घेणाऱ्यांच्या कॉलरवर बसावे लागले. जे दगड खरोखर उभे आहेत त्यांवर वंशाचा अभिमान नाही; तेथे कुळ आहे, जमीन आहे, बांधलेला पूल आहे, परदेशी मेलेला मुलगा आहे.

इंगाचे स्वतःचे दगडही शिल्लक आहेत. राग्नफास्तसाठी तिने एक नव्हे, चार लेख कोरवून घेतले. एकात ती सांगते, की पिता सिगफास्त याच्यामागे या वाडीचा राग्नफास्त हा एकटाच मालक होता; दुसऱ्यात, की आपण आपल्या अपत्याची वारस झालो. आईच्या खडकावर जो मजकूर आहे त्याचा मधला दुवा येथे मुलीने स्वतः नोंदवून ठेवला आहे. तिच्या मागे तिची नोंद आईने केली. गेरलोगच्या मागे ती मिळकत कोणाकडे गेली, ते खडकावर नाही. तिच्या नावानंतर थॉरब्यॉर्नची सही येते आणि सर्पाचे वळण संपते.