सावलीचे ऋण

नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या जतनासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये केलेल्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वा अधिक वर्षांचे झाड 'वारसा वृक्ष' ठरले. ते तोडावे लागल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावून ती ७ वर्षे जपावयाची. हिशेब चोख दिसतो. परंतु वाशिमच्या वैशाखात ६० वर्षांच्या कडुनिंबाखाली भाजी विकणाऱ्या आजीबाईंना ह्या ६० रोपांची सावली कधी लाभणार? हानी आजची, भरपाई उद्याची. सोसणारा एक, लाभणारा दुसरा. तेव्हा ही फेड नव्हे, प्रायश्चित्त आहे. आणि प्रायश्चित्ताची सोय आहे म्हणून कोणी पाप करावे काय? वृक्षसंवर्धनाच्या वार्षिक परिषदांतून रोपांची संख्या आवर्जून सांगितली जाते. वाचकहो, कुऱ्हाड उचलण्यापूर्वी त्या आजीबाईंनाही विचारावयास हवे.