एका पैची चूक आणि दुसरी सनद



संसारात राहून परमार्थ कसा साधावा, हा प्रश्न आपल्या पंथात जुनाच आहे. काळाप्रमाणे त्याचे रूप तेवढे बदलते. हल्ली सोलापुरासारख्या शहरात तो असा येतो. मुलगा किंवा मुलगी कष्टाने सी.ए. होते, हाताला बरे काम लागते, आईबाप समाधानी असतात. आणि मग मनात येते, आता कॉस्ट अकौंटंटचीही परीक्षा द्यावी काय? घरचे म्हणतात, "शिकणे कधी वाईट असते का?" मित्र म्हणतात, "एक सनद पुरे की!" शेवटी कीर्तन आटोपल्यावर बुवांना गाठून विचारतात, "महाराज, पांडुरंगाची इच्छा काय समजावी?"

बाबांनो, पांडुरंगाची इच्छा विचारण्याआधी आपली इच्छा काय आहे, ते एकदा तपासून घ्यावे.

प्रथम या दोन विद्यांतला भेद पाहू. सी.ए.चा कायदा १९४९ सालचा, कॉस्ट अकौंटंटचा १९५९ सालचा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीच्या वार्षिक हिशेबाची तपासणी सी.ए. करतो, आणि ज्या उद्योगांना उत्पादनखर्चाची तपासणी लावून दिली आहे, तेथे ती कॉस्ट अकौंटंट करतो. आपल्याकडच्या चादरीच्या कारखान्याचा दृष्टांत घ्या. साल संपल्यावर एकंदर नफा किती झाला, हे पहिली विद्या सांगते. पण चादरीने कमावले आणि टॉवेलने घालवले, असे तर झाले नाही ना? एका नगाला सूत किती लागले, रंग किती, वीज किती, मजुरी किती, वाया किती गेले, हे दुसरी विद्या सांगते. खर्च न कळता भाव लावणारा कारखानदार बुडाला, तर मागावरच्या कामगाराचीही चूल विझते. तेव्हा दुसरी विद्या पोकळ आहे, असे कोणी समजू नये.

मग घ्यावी की नाही? याला नाथमहाराजांचे चरित्र उत्तम वाट दाखवते.

देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एकदा एका पैची चूक सापडेना. दिवा लावून नाथ रात्रभर बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, असे परंपरा सांगते. एका पैसाठी एवढा जीव लावतोस, तोच देवाकडे लाव, हा स्वामींचा उपदेश आपण लक्षात ठेवतो. पण त्याआधीची रात्रही पाहावी. सोपवलेल्या वहीची शेवटची पै लागेपर्यंत नाथ जागचे उठले नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हा, की हातातली वही पुरी झाली काय? पहिल्या सनदेच्या कामाचा कंटाळा आला म्हणून दुसरी हवी असेल, तर तोच कंटाळा दोन वर्षांनी दुसऱ्या सनदेच्या मागोमाग घरी येईल.

पुढे याच नाथांनी दुसरे मोठे श्रम अंगावर घेतले. नकला होता होता ज्ञानेश्वरीचा पाठ अशुद्ध झाला होता. तो त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केला. एकादश स्कंधावरची त्यांची टीका तोवर झालेली होती; कीर्तीला काय उणे होते? पण लोकांचे वाचन बिघडले होते, काम अडले होते. म्हणून दुसरा प्रश्न, माझ्यावाचून कोणाचे काम अडले आहे? गेल्या तीन वर्षांत गिऱ्हाईकाने खर्चाचे विचारले आणि आपल्याला सांगता आले नाही, किंवा अधिकार नाही म्हणून काम परत गेले, असे किती वेळा झाले, ते कागदावर लिहून काढा. पुष्कळदा झाले असेल तर खुशाल परीक्षेस बसा. ती सेवाच आहे. एकदाही झाले नसेल, आणि शेजाऱ्याच्या पाटीवरची जास्तीची अक्षरे तेवढी डोळ्यांत खुपत असतील, तर त्या दुखण्याला परीक्षा हे औषध नाही.

तिसरा प्रश्न खर्चाच्या बाजूचा. फी भरता येते हो. रात्री कोणाच्या खात्यातून काढणार? या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरात होतात. जूनची परीक्षा पुष्कळदा पालखीच्या दिवसांच्या आसपास येते. एखादी वारी चुकली तर पांडुरंग रागावणार नाही. तो युगानुयुगे विटेवर उभा आहे, आणखी एक वर्ष वाट पाहील. पण घरातली म्हातारी आई तेवढी थांबेल, असे कोणी सांगावे? लेकराचे बोट धरण्याचे दिवसही थांबत नाहीत. म्हणून घरच्यांना पुढ्यात बसवून विचारावे, किती प्रयत्न करायचे याची मुदत बांधावी, आणि दोन्ही सनदांवर एकाच वेळी धंदा करता येतो काय, हे नियमांत आधी पाहून घ्यावे.

आपल्याच जिल्ह्यात मंगळवेढे आहे. दामाजीपंतांचा हुद्दा केवढा होता, हे आज कोण विचारतो? दुष्काळात त्यांनी कोठारे उघडली, एवढे मात्र लहान पोरही सांगते.

तीन प्रश्नांची उत्तरे खरी द्यावीत, आणि मग जे ठरेल ते नाम घेत निश्चिंत मनाने करावे. सनद घेतली तरी वारकरी, न घेतली तरी वारकरी. माळेचे मणी काही त्याने कमीजास्त होत नाहीत.

राम कृष्ण हरि.