वरची माती

चंद्रपूरकडं खुली कोळसा खाण सुरू होते तेव्हा आधी वरची काळी माती खरवडतात. रीत अशी की ती वेगळी ठेवायची, खालच्या मुरूम-दगडात मिसळायची नाही. ढीग बुटका ठेवायचा, वर गवत पेरायचं. कोळसा निघाला की खड्डा भरून तीच माती पुन्हा वर पसरायची, तीही लवकर. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही. गांडूळ मरतं, बी कुजतं.

1973 साली देशातल्या कोळसा खाणी सरकारी झाल्या. कोळसा सगळ्यांचा झाला म्हणे. आमच्या गावची जमीन खाणीत गेली तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला. माझी माय त्याच वावरात जन्मभर निंदत होती. तिचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. म्हणजे कागदावर तिचं काहीच गेलं नाही!

आता सांगा, माती परत पसरली म्हणजे न्याय झाला काय? माती वर असते म्हणून मोलाची नसते. वर-खालचं मोल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. तिच्यात मुळं, शेण, गांडूळ अन् राबणाऱ्यांचा घाम असतो, म्हणून ती जिती. घाम वगळून केलेली परतफेड अर्धीच.

ढिगाची नोंद वहीत ठेवता ना? मग निंदणाऱ्या बायांचीही ठेवा. माती पसराल तेव्हा त्या जमिनीत त्यांचा वाटा लिहा.

मग म्हणू, जमीन परत आली.