रक्तात काय लिहिलंय?

मागल्या वर्षी चंद्रपूरकडे गावी गेलो तेव्हा शिबिरात रक्त तपासलं. कार्ड हातात आलं : सिकलसेल वाहक, एएस. आणि परवा भाईंदरला, गाळ्यात दुसऱ्या पाळीला, मास्टर म्हणाला, "कामचुकारी तुमच्या लोकांच्या रक्तातच हाय." सूत कच्चं होतं, सारखं तुटत होतं. ते त्याला दिसलं नाही.

दोस्तहो, असलं ऐकायची सवय आहे. पण या वेळेला शब्द लागला. कारण रक्तात खरंच काहीतरी लिहिलेलं होतं. कार्ड खिशातच होतं. मग ते काय लिहिलंय आणि वाचतं कोण, याच्या मागं लागलो. माझी शाळा दहावीला सुटली. चुकलो तर कान धरा.

पेशीच्या केंद्रकात डीएनएचा ग्रंथ असतो. अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. मूळ ग्रंथ बाहेर जात नाही. आपल्या अंकाची स्टेन्सिल मशीनवर राहते, वाचकाच्या हाती कागद जातो, तसं. आरएनए पॉलिमरेज नावाचं प्रथिन डीएनएचे दोन पेड थोडे उलगडतं, एका पेडावरून सरकत जातं आणि समोरचं अक्षर बघून जोडीचं अक्षर लावतं. सीला जी, जीला सी, टीला ए. एला मात्र टी नाही, यू. ही नक्कल म्हणजे आरएनए. काटछाट होऊन ती केंद्रकाबाहेर येते, रायबोसोमवर चढते. तिथं तीन-तीन अक्षरांचा एक शब्द वाचून एकेक अमिनो आम्ल ओवलं जातं. शब्द ६४, अमिनो आम्लं २०. हा कोश उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराणा होते. १९६८ चं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतले एक. शंभरेक माणसांच्या खेड्यात त्यांचं घर जवळजवळ एकटंच लिहिता-वाचता येणारं. बाकीच्या घरांचं काय, हा प्रश्न मला नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

आता माझं कार्ड. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेचा शब्द जीएजी. सिकलसेलमध्ये तिथं जीटीजी. एक अक्षर, बस्स. नक्कल करणारा इमानदार. जे आहे ते उतरवतो. आरएनएत जीयूजी येतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. मग प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून त्याच्या लांब काड्या होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. ती कळ काय असते ते मी चुलतभावाच्या उशाशी बसून पाहिलंय. आईकडून एक, बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती आल्या की हा आजार. माझ्याकडं एकच आहे. मला काही होत नाही.

विदर्भात हे अक्षर आपल्या बौद्ध वस्त्यांत, गोंड, माडिया, परधान यांच्यात जास्त सापडतं. कुणी म्हणेल, बघा, जात रक्तातच निघाली! नाही निघाली. एकच प्रत असली तर जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तापाच्या मुलखात हे अक्षर टिकलं. याच ठेवणीचं अक्षर सौदी अरबस्तानाच्या पूर्व भागातही आहे. तिथं कुठला महारवाडा होता? अक्षर जातीनं आणलं नाही. जातीनं फक्त दार लावून घेतलं, मग आतलं आतच फिरत राहिलं. ९ मे १९१६ ला कोलंबियात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न, हे त्यात मांडलं. डीएनएची रचना कळायला तेव्हा ३७ वर्षं बाकी होती.

पण बोट आपल्याकडंही दाखवावं लागतं. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम चालू आहे. लग्नाआधी कार्ड बघा, सांगतात. बरोबर सांगतात, दोघंही वाहक असले तर दर मुलामागं चारात एक धोका. माझी आतेबहीण वाहक. मुलाचं कार्ड एए, म्हणजे त्यांच्या पोराला हा आजार होणारच नव्हता. तरी ठरलेलं मोडलं. मोडणारे आपलेच, घरात बाबासाहेबांचा फोटो. त्यांनी कार्ड वाचलं नाही, बाट बघितला. १९५६ ला नागपुरात पत्रिका सोडून आलो आणि आता ही लॅमिनेट केलेली पत्रिका?

आणखी एक सांगायचंय. कातडीच्या पेशीतही हिमोग्लोबिनचं पान असतं, ती ते उघडत नाही. आईच्या पोटात असताना आपण वेगळं, गर्भाचं हिमोग्लोबिन बनवतो. जन्मल्यावर ते पान हळूहळू मिटतं. २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही हा उपचार चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. ते मिटलेलं पान पुन्हा वाचायला लावतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! हायड्रॉक्सियुरियाची गोळीही बऱ्याच जणांत तेच पान थोडं उघडते, आणि ती स्वस्त आहे. चुलतभाऊ तीच घेतो. त्याच्या कळा कमी झाल्यात.

मास्टरचा कामचुकारीचा शब्द ६४ त कुठं सापडला नाही.

ज्या मुलीशी माझं बोलणं चाललंय तिला कार्ड पहिल्याच भेटीत दाखवलं. ती आपल्या जातीतली नाही. तिनं उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, "माझं तपासायला कुठं जायचं?" सुट्टीच्या दिवशी दोघं जाणार आहोत.