पाझर कुणाचा?

डिसेंबरात आम्ही तिघं मित्र इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळरानावर गेलो होतो. बेत साधा होता. सकाळी चिंकारा बघायचा, टेकड्या ओलांडायच्या आणि दुपारपर्यंत नीरा डाव्या कालव्यावर उतरायचं. चिंकारे दिसले, चार. फोन खिशातून बाहेर येईपर्यंत ते गेलेही होते आणि समोर नुसतं वाळलेलं गवत हलत होतं. मग एका टेकाडावर बसून शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा.

तिथून दक्षिणेकडे पाहिलं की पिवळा माळ उतरत जातो आणि एका ठिकाणी एकदम संपतो. त्याच्यापुढे ऊस. रंग बदलतो ती जागा इतकी स्पष्ट की कुणीतरी पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी. पाऊस दोन्हीकडे सारखाच, म्हणजे सारखाच कमी. फरक फक्त कालव्याचा. 1876-78 च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रजांनी या भागासाठी हा कालवा काढला आणि 1880 च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागलं. पाणी उताराने जातं, म्हणून कालव्याच्या खालचं रान बागायत झालं आणि वरचं जिरायत राहिलं. कष्टाचा, हुशारीचा यात काही संबंध नाही. पणजोबांची जमीन रेघेच्या कुठल्या बाजूला होती, एवढाच प्रश्न.

माझ्या पणजोबांची खाली होती. बरोबरच्या एका मित्राचं गाव सुप्याकडे, जिरायत पट्ट्यात. तो भाकरी मोडत म्हणाला, "तुमच्याकडं विहीर आटल्याचं कधी ऐकलं नाही रे."

"आमची विहीर चांगली आहे," मी म्हणालो.

तो हसला. "विहीर चांगली नाही. पाट गळतोय."

दुपारी कालव्यावर पोचलो तेव्हा आवर्तन सुरू होतं, पाणी काठाला लागलेलं. भरावाच्या खालच्या अंगाला एक हापसा होता आणि एक म्हातारी कळशी भरत होती. आम्हाला पाणी पाजून ती बोलायला लागली. रान नाही, दोन शेळ्या आहेत, मुलगा ऊसतोडीला जातो. "पाट बंद झाला का हाप्शाचं पाणी उतरतं बाबा," ती म्हणाली. "पाट आला का पुन्हा वर येतं."

ती गेल्यावर आम्ही बराच वेळ भांडलो. गेली काही वर्षं या कालव्याच्या अस्तरीकरणाचा वाद चालू आहे. तळ आणि बाजू काँक्रीटने बांधल्या तर गळती थांबेल आणि वाचलेलं पाणी टेलच्या गावांना मिळेल, ही एक बाजू. पाझर थांबला तर कालव्याखालच्या विहिरी आटतील, ही विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांची बाजू. आमच्यातल्या तिसऱ्याचं रान शेवटाकडच्या चारीवर आहे. तो चिडून म्हणाला, "सात नंबरचा अर्ज मी भरतो, पाणीपट्टी मी भरतो, आणि पाणी कुणाच्या विहिरीत जातं? तुझ्या!"

त्याचं म्हणणं खोडता येईना. पाटातून घेतलेल्या पाण्याची पट्टी आम्हीही भरतो, पण विहिरीत झिरपलेलं पाणी कायम "आपलं" समजत आलो. माझं शिक्षण त्या पाण्यावरच्या उसावर झालं. कागदावर ज्याला "गळती" म्हणतात तिला आमच्या घरात "विहिरीचा झरा" म्हणतात. नाव बदललं की मालकीही बदलते, इतकं हे सोपं आहे.

मग टेलवाल्या मित्राचंच खरं मानायचं का? इथे मला म्हातारी आठवते. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणून ती कुठल्याच अर्जात नाही. तिला मिळणारं पाणी फक्त गळतीचं. वहीत जे "वाया" जातं, ते तिच्या कळशीत येतं. उलट बाजूही आहे. याच पाझराने कालव्याखालच्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या, त्यांत आता गवतही धड उगवत नाही. म्हणजे पाझर देवही नाही आणि चोरही नाही. कुणाला तो तारतो, कुणाला बुडवतो, आणि यातलं काहीच कुणी ठरवून केलेलं नाही.

ठरवून केलेलं उदाहरण पुरंदर तालुक्यात आहे. 1972 च्या दुष्काळानंतर नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही हक्क. आणि उसाला बंदी. म्हणजे रान कालव्याच्या वर की खाली, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा विचारला: या घरात खाणारी तोंडं किती?

मला वाटतं, एखाद्या गोष्टीवर वर्षानुवर्षं जगलो म्हणून ती आपली होत नाही. पण जगलो, एवढ्याने एक हक्क नक्की मिळतो. ती काढून घेण्याआधी आपल्याला विचारलं जाण्याचा. हा हक्क माझ्याइतकाच त्या म्हातारीचा आहे, आणि माझ्यापेक्षा तिला त्याची गरज जास्त आहे. माझ्या मागे कारखाना, सोसायटी, मोर्चा काढणारे लोक आहेत. अस्तरीकरण झालं तरी मी बोअर घेईन. तिच्या हापशाची बाजू कोण मांडणार?

संध्याकाळी घरी आलो. आण्णा विहिरीवर मोटर चालू करत होते. मी विचारलं, "आण्णा, हे पाणी आपलं का?"

त्यांनी बटण दाबलं, पाइपातून पाणी येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तुला आज कोण भेटलं होतं?"

मी त्यांना हापशाची गोष्ट सांगितली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री मोटर रोजच्यापेक्षा तासभर आधी बंद झाली. त्याने म्हातारीच्या कळशीत थेंबभरही वाढ होणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.