तटस्थ माणूस

“त्यात राजकारण शिरले,” हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! गावच्या वाचनालयाची निवडणूक होते, देवस्थानच्या विश्वस्तांत तट पडतात, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब चव्हाट्यावर येतो, आणि कोणीतरी सुपारी कातरीत म्हणतो, “पूर्वी असे नव्हते हो, अलीकडे राजकारण शिरले.” शिरले म्हणजे जणू ते बाहेर कुठेतरी दबा धरून बसले होते आणि दार उघडे सापडताच मांजरासारखे आत आले! मला या ‘शिरले’ क्रियापदाचीच नेहमी गंमत वाटते. दुधावर झाकण ठेवण्याचे काम कुणाचे होते, हे मात्र कुणी विचारीत नाही.

खरे पाहता ‘राजकारण’ हा आपल्या भाषेत काही शिवीसारखा शब्द नव्हे. समर्थांनी दासबोधात राजकारणाच्या निरूपणासाठी स्वतंत्र समास लिहिले. चार माणसांनी मिळून काही करायचे म्हटले की चार मते आली. मते आली की मनधरणी आली, देवाणघेवाण आली, रुसवेफुगवेही आले. तेव्हा सार्वजनिक संस्थेत राजकारण मुळीच असू नये, ही अपेक्षा भाबडी आहे. विचारायचा प्रश्न एवढाच की ते घराच्या कोणत्या दालनात असावे. ओसरीवर पाहुण्यांनी खुशाल मोठमोठ्याने वाद घालावा. पण आत माजघरात धान्य मोजले जात असते, त्या मापाला कुणाचा धक्का लागू नये. संस्थेला ओसरीही लागते आणि माजघरही लागते. या दोहोंमधला उंबरठा झिजला की संस्था बिघडते.

हे तत्त्व एका वाचनालयाला लागू पडते, तसेच सगळ्या जगाच्या संस्थेलाही पडते. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा सुरक्षा समितीत पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार देण्यात आला. हा अधिकार न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तो लपवलेला तरी नाही. ती ओसरी आहे, तिथे दांडगे लोक बसतात, आणि ते दांडगे आहेत हे पाटीवरच लिहिलेले आहे. त्याच सनदेत शंभरावे कलम आहे, ते माजघराचे. युनोच्या सरचिटणिसाने आणि त्याच्या कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सरकारचा हुकूम मागू नये व घेऊ नये, असे ते सांगते. या कलमाला दुसरे अंगही आहे आणि ते फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही: सभासद राष्ट्रांनीही या माणसांवर वजन टाकण्याचा प्रयत्न करू नये. टाळी एका हाताने वाजत नाही, हे सनद लिहिणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

ठाऊक होते, पण पाळले गेले नाही. १९५२च्या सुमारास अमेरिकेत साम्यवादाच्या भीतीचा ताप चढला होता. युनोत नोकरीला असलेल्या अमेरिकन नागरिकांना सिनेटच्या उपसमितीपुढे बोलावून त्यांच्या निष्ठेची उलटतपासणी सुरू झाली. ज्यांनी उत्तर देण्यास नकार दिला, त्यांपैकी अनेकांना पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी कामावरून काढले. इतकेच नव्हे, तर अमेरिकेच्या गुप्त पोलिसांना युनोच्या इमारतीत बसून चौकशी करण्याची मुभा दिली. स्वीडनचे डाग हॅमरशील्ड १९५३ साली त्यांच्या जागी आले. त्यांनी त्या पोलिसांना इमारतीबाहेर काढले. काढलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना युनोच्याच न्यायाधिकरणाने भरपाई दिली, आणि ती नाकारण्याचा आमसभेला अधिकार नाही, असा अभिप्राय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५४ साली दिला.

पण ज्या हॅमरशील्डनी एका बाजूचा हात झटकला, त्यांच्या गळ्याशी सात वर्षांनी दुसऱ्या बाजूचा हात आला. सप्टेंबर १९६० मध्ये सोव्हिएत रशियाचे पंतप्रधान ख्रुश्चेव्ह यांनी आमसभेत सूचना मांडली की सरचिटणीस हे एकट्याचे पदच नको. त्याऐवजी तिघे बसवा: एक पाश्चात्त्यांचा, एक समाजवाद्यांचा, एक अलिप्तांचा. पुढच्या वर्षी एका अमेरिकन पत्रकाराजवळ त्यांनी यामागचा विचार बोलून दाखवला. तटस्थ देश असू शकतात, पण तटस्थ माणूस असू शकत नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते.

हे विधान मला नुसत्या राजकीय डावपेचाचे वाटत नाही. ते एका जुन्या तात्त्विक प्रश्नावर नेमके बोट ठेवते. माणूस जन्माला येतो तो एखाद्या घरात, एखाद्या जातीत, एखाद्या भाषेत. त्याला आवडीनिवडी असतात, राग-लोभ असतात. मग तो ‘कुणाचाच नाही’ असे म्हणणे म्हणजे ढोंगच नव्हे काय? आणि ढोंगापेक्षा तीन पक्षांची तीन माणसे उघडपणे बसवणे अधिक प्रामाणिक नव्हे काय?

ही तिघांची तोड वरवर किती न्यायाची वाटते! आपल्याकडेही तिचे चलन मोठे आहे. एका शाळेत मी काही वर्षे होतो. तिच्या चालकांत दोन गट पडले होते. वक्तृत्वाच्या बक्षिसावरून दरवर्षी कुरबूर होई, म्हणून ठराव झाला की परीक्षकांत दोन्ही गटांचा एकेक माणूस असावा. सर्वांना बरे वाटले. पुढे झाले असे, की एका वर्षी बक्षीस या गटाकडच्या मुलाला जाई, तर दुसऱ्या वर्षी त्या गटाकडच्या. भांडण मिटले खरे. पण व्यासपीठावर उभे राहून घसा कोरडा करणाऱ्या मुलाचे भाषण मात्र कुणीच ऐकत नव्हते. प्रत्येकाचा माणूस बसवला की सगळ्यांचे हितसंबंध राखले जातात, आणि ज्या कामासाठी संस्था निघाली त्या कामाचा माणूस तेवढा कुणी उरत नाही.

हॅमरशील्डनी ख्रुश्चेव्हना उत्तर दिले ते ३० मे १९६१ रोजी, ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानात. आपल्याला मते नाहीत, असा दावा त्यांनी केला नाही. आंतरराष्ट्रीय सेवकाला भावना असतात, श्रद्धा असतात, हे त्यांनी सरळ मान्य केले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आपला कल कुठे आहे हे त्या माणसाने स्वतः ओळखलेले असावे आणि कामात त्या कलाला हात घालू देऊ नये. न्यायाधीशावर तरी याहून वेगळे कोणते बंधन असते?

आम्हा मास्तरांना हे उत्तर चटकन समजते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे असतो. अक्षरावरून पोरे ओळखू येतात. ही सहकाऱ्याची मुलगी, हा शाळेला पंखे देणाऱ्या शेठजींचा नातू, हा माझा लाडका, आणि हा मला वर्षभर छळणारा. त्या क्षणी मन तटस्थ असते असे जो मास्तर म्हणेल, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण नावाचे पान दुमडून ठेवता येते. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासावा, मग सगळ्यांचा दुसरा. म्हणजे एका उत्तराचा लोभ पुढच्या उत्तराला चिकटत नाही. गुण का कापले ते समासात लिहावे, म्हणजे उद्या विचारायला येणाऱ्याला उत्तर देता येते. मन आपल्या ताब्यात नसले, तरी रीत आपल्या ताब्यात असते. तटस्थपणा हा स्वभावाचा गुण कमी आणि कामाची सवय जास्त आहे.

आणि धनी असला म्हणजे माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही, असेही नाही. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचेच नोकर होते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, तेव्हा त्याचा चुलता रघुनाथराव गादीचा मालक होऊन बसला होता. म्हणजे आरोपी तोच आणि पगार देणाराही तोच! तरी शास्त्रीबोवांनी त्याला दोषी ठरवले आणि पुण्याचे पद सोडले. त्यांना राघोबाविषयी राग होता की प्रेम होते, याची चौकशी आपण आज करीत नाही. त्यांनी माप हलू दिले नाही, एवढेच आपल्याला पुरते.

‘तटस्थ’ हा शब्द मात्र मला थोडा फसवा वाटतो. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. काठावर उभे राहून बुडणाऱ्याची गंमत पाहणाराही तटस्थच! निःपक्षपाती माणसाला पात्रात उतरावे लागते, आणि पात्रात उतरलेल्याच्या हातून काय होऊ शकते, ते काँगोने दाखवले. ३० जून १९६० रोजी तो देश बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. सुमारे दोन महिन्यांनीच अध्यक्ष कासावुबू यांनी पंतप्रधान लुमुंबांना, आणि लुमुंबांनी कासावुबूंना बडतर्फ केले. रक्तपात टळावा म्हणून तिथल्या युनोच्या अधिकाऱ्यांनी विमानतळ बंद केले आणि राजधानीतले नभोवाणी केंद्रही बंद केले. नियम दोघांनाही सारखाच. पण कासावुबूंना नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलचे नभोवाणी केंद्र खुले होते, आणि लुमुंबांची फौज मात्र दूर अडकून पडली. सारख्या नियमाचे पारडे एकाच बाजूला झुकले. जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबांची हत्या झाली.

तेव्हा ख्रुश्चेव्हच्या तक्रारीत काहीच तथ्य नव्हते, असे म्हणून चालणार नाही. नियम सारखा आहे एवढे पाहून पंचाची सुटका होत नाही. तो नियम कुणाच्या पाठीवर किती जड पडतो, हेही त्याने पाहिले पाहिजे. पण माप चुकीचे पडले म्हणून माप दुरुस्त करावे, की मापच मोडून ज्याचा हात मोठा त्याने ओंजळीने घ्यावे? निःपक्षपाती माणसाची चूक त्याच्याच कसोटीवर घासून दाखवता येते. जिथे कसोटीच नाही, तिथे चूकही नाही आणि दादही नाही. १८ सप्टेंबर १९६१ रोजी काँगोतील युद्धबंदीच्या बोलण्यांसाठी जाताना, आज झांबियात असलेल्या एन्डोलाजवळ हॅमरशील्ड यांचे विमान कोसळले आणि ते गेले. तिघांची ती योजना काही अमलात आली नाही.

पुढच्या काळात संस्था मोडण्याच्या याहून सभ्य रीती निघाल्या. जागतिक व्यापार संघटनेत तंट्यांच्या अपिलासाठी सात जणांचे मंडळ असते. निकालाला निदान तिघे लागतात. अमेरिकेने २०१७ पासून नव्या नेमणुकांना संमती देण्याचेच थांबवले. एकेकाची मुदत संपत गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिघेही उरले नाहीत. ना आरडाओरडा, ना ठराव. फक्त खुर्च्या रिकाम्या! दबाव आणणाऱ्याला निदान समोर माणूस तरी लागतो. रिकाम्या खुर्चीला तेवढाही त्रास नाही. ज्या शाळेत गणिताच्या मास्तरची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही, तिथल्या पालकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

एवढे सगळे वाचून एखादी गृहिणी विचारील, “तुमच्या त्या निःपक्षपाती मापाने आमच्या घरात काय आले?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तिच्या घरातच आहे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे आजोबांच्या दंडाला तेल लावताना एक गोल, खडबडीत व्रण हाताला लागतो. ती देवी काढल्याची खूण. नातवाच्या दंडावर ती नाही. सोव्हिएत रशिया १९४९ साली जागतिक आरोग्य संघटनेतून रुसून बाहेर पडला होता; परत आल्यावर १९५८ साली त्याच्याच प्रतिनिधीने देवीच्या निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. १९६७ पासून या मोहिमेचा प्रमुख होता एक अमेरिकन डॉक्टर, आणि लशीचा मोठा साठा आला रशियाकडून. ओसरीवर ही दोन राष्ट्रे एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसली होती. माजघरात त्यांची माणसे एकाच वहीत रुग्णांची नोंद करीत होती. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, आणि मे १९८० मध्ये देवीचा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. त्याच संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला. रुसून जाणे नवे नाही. परत येणाऱ्याला आत माप शाबूत सापडावे, एवढी काळजी मागे राहणाऱ्यांनी घ्यायची असते.

पूर्णपणे तटस्थ माणूस असतो का? मला वाटते, तयार असा कुठेच मिळत नाही. तो रोज घडवावा लागतो, आणि त्याच्या भोवतीच्यांनी त्याला घडू द्यावा लागतो. हे दुसरे काम आपले आहे. वाचनालयाच्या चिटणिसाकडे आपल्या पुतण्याची शिफारस घेऊन निघण्यापूर्वी, शाळेच्या हेडमास्तरांना ‘आपल्या माणसाचे’ दोन गुण वाढवायला सांगण्यापूर्वी, उंबरठ्याशी क्षणभर थांबता आले तर पाहावे. राजकारण शिरते ते याच दाराने, आणि बहुधा आपल्याच पायांनी.