स्वस्त मिळाले, म्हणून?



नाताळात घरी वाईनची एक बाटली पुरते. तरी सवलत दिसली की आपण सहा घेतो आणि पैसे वाचले म्हणतो. पाच बाटल्यांचे पैसे तर गेलेच! राज्याच्या 2001 च्या धोरणानंतर नाशिकची वाईन खूप वाढली. पण बहुतेक साधी वाईन एक-दोन वर्षांतच प्यायची असते. ठेवायची तर 12-15 अंशांचा थंडावा हवा. आपल्या नेरला मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो. कपाटातल्या बाटलीची चव बिघडते. काना गावी सहा रांजण भरले, तेही पंगतीतल्या पाहुण्यांसाठी. घेण्याआधी आपणही पिणारे मोजू या. वाचलेल्या पैशांची शेजारच्या एखाद्या घरी आजच गरज असेल.